चूक ऐकणारी माणसं

पियानो वाजवणाऱ्या माणसाकडे किस्से साठतच जातात, मग तो बरा वाजवो की वाईट. त्यातून तो आदिलाबादला वाजवत असेल तर विचारूच नका! तबल्यावर कुणाचा हात चुकला तर आमच्या गल्लीतली दहा माणसं मान हलवतील. पेटीवाल्याचा सूर घसरला तर देवळाच्या पायरीवर बसलेला माणूससुद्धा "च्यक्" करेल. पियानोत मात्र गावात मी एकटी. त्यामुळे माझी चूक पकडायची कशी, हे इथे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवून टाकलं आहे.

परवा स्टाफरूममध्ये डबे खाताना एकेक आठवत गेलं आणि सगळे हसून हसून बेजार झाले. मीही हसले. घरी आल्यावर कुलूप काढलं, पर्स ठेवली आणि वाटलं, हे एकदा लिहून ठेवावं. सांगताना मी काही काही गाळते, ते लिहिताना गाळायचं नाही असं ठरवून बसले आहे.

मी वसुधा चिंतावार. इथल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आम्ही दोघी होतो. सिकंदराबादला एम.एस्सी. करताना ज्या घरी राहायचे त्या घरच्या बाई पियानो शिकवायच्या, तिथे माझा हात बसला. पुढे इथल्या एका चर्चच्या हॉलची डागडुजी निघाली आणि तिथला जुना, भिंतीला टेकून उभा राहणारा पियानो माझ्या पुढच्या खोलीत आला. सहा माणसांनी उचलून आणला. घाम पुसत त्यातला एक म्हणाला, "बाई, याच्यात कपडे ठेवाचे का?"

त्या पियानोवर मी एक मोठा पीस वाजवते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका माणसाने लिहिलेला, जवळजवळ दहा मिनिटांचा. सुरुवात इतकी संथ की कुणीतरी काहीतरी सांगायला तोंड उघडतंय आणि सांगत नाहीये असं वाटावं. मग गाणं येतं. मध्ये एकदा सगळं थांबतं. मग वादळ. शेवटच्या दोन पानांत दोन्ही हात असे पळतात की बोटं आपलीच आहेत ना, असं वाटतं. पंचवीस वर्षं मी तो शिकते आहे. स्टाफरूममध्ये त्याला म्हणतात, "मॅडमचं लांबवालं."

*

पहिला किस्सा कॉलेजच्या ॲन्युअल डेचा.

आमचे प्रिन्सिपॉल राव सर. मनाने मोठा माणूस. त्यांनीच आग्रह केला, "मॅडम, धिस इयर यू मस्ट प्ले!" पियानो टेम्पोत घालून कॉलेजात नेला. वाटेतल्या खड्ड्यांनी दोन सूर उतरवले ते निराळंच. दीड महिना मी तयारी केली होती. रोज दोन तास.

वाजवायला बसले. हॉल गच्च भरलेला. संथ भाग झाला, गाणं झालं. पोरं गप्प! मला भरून आलं. मग ती मधली जागा आली, जिथे दोन्ही हात उचलायचे आणि एक मोठा श्वास घेऊन मग वादळात शिरायचं.

मी हात उचलले. श्वास घेतला.

टाळ्या! शिट्ट्या! राव सर शाल घेऊन स्टेजवर! मी हाताने "थांबा, थांबा" अशी खूण केली. त्यांना वाटलं, शाल नको म्हणते आहे, विनय! त्यांनी आणखी प्रेमाने ती माझ्या खांद्यावर घातली आणि माइकवर म्हणाले, "व्हेरी नाइस मॅडम! शॉर्ट अँड स्वीट!"

पुढचा आयटम सेकंड इयरच्या मुलींचा डान्स होता. गाणं सुरूसुद्धा झालं. मी शाल सावरत उतरले.

उरलेला अर्धा पीस घरी जाऊन वाजवावा म्हटलं, तर पियानो कॉलेजातच! तो तिसऱ्या दिवशी टेम्पोने परत आला. माणसं गेल्यावर मी दार लावलं, बसले, हात उचलले, श्वास घेतला आणि मधूनच सुरुवात केली. माझा ॲन्युअल डे तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता संपला.

*

आमचे ऑफिस सुपरिंटेंडेंट देवराव भोयर. जैनथकडचे. त्यांचे आजोबा निजामाच्या वेळी महसुलात होते, त्यामुळे यांच्या तोंडी अजून दस्तखत, मिसल, दरखास्त असले शब्द. फाइलला ते फाइल म्हणतच नाहीत, मिसल म्हणतात.

त्या ॲन्युअल डेनंतर दुसऱ्या दिवशी ते टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी काल तीन डाव चुकल्या."

मी उडालेच! कारण मी खरोखरच तीनदा चुकले होते. पंचवीस वर्षांत गावात पहिल्यांदा कुणीतरी मोजलं होतं. माझा आवाजच बदलला. "भोयरसाहेब, तुम्हाला कळतं यातलं?"

"मले काई समजत नाई जी. पन तुमी व्हट चावता. तीन डाव चावले."

मी हसले. पण त्या दिवशी घरी गेल्यावर पियानोवर आरसा ठेवला आणि ओठ न हलवता वाजवायचा सराव सुरू केला. पुढच्या टीचर्स डेला पुन्हा टेम्पो, पुन्हा हॉल. या वेळी राव सरांना बजावून ठेवलं होतं, मी उभी राहीन तेव्हाच संपलं.

आणि माझी स्मृती दगा देऊन गेली. पाचव्या पानावरून सहाव्यावर जायचं, ते बोटं थेट आठव्यावर गेली. मधली दोन पानं गायब. ओठ मात्र जागच्या जागी! शेवटपर्यंत चेहरा असा ठेवला की जणू दुधाची पिशवी घ्यायला आले आहे.

भोयर उभे राहून टाळ्या वाजवत होते. "आज एक बी नाई! मिसल एकदम साफ!" त्यांनी राव सरांनाही सांगितलं, राव सरांनी माइकवर सांगितलं. पीसमधला सगळ्यात सुंदर भाग त्या दोन पानांत आहे. तो झालाच नाही हे हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाला सांगावं ते मला सुचत नव्हतं.

ऑटोत बसले. राहवेना. ऑटोवाल्यालाच म्हटलं, "भैया, आज मेरे दो पन्ने खो गए."

त्याने ऑटो बाजूला घेतला, मागे वळून सीटखाली पाहिलं आणि म्हणाला, "इधर तो नहीं दिखरे मॅडम. और कहाँ कहाँ गए थे आप?"

*

एकदा रविवारी स्टाफला घरी जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर राव सरांच्या मिसेस म्हणाल्या, वाजवा. त्या तेलुगू, हिंदी आणि थोडं मराठी असं मिळून बोलतात आणि फार गोड बोलतात.

मी सुरू केलं आणि दुसऱ्याच मिनिटाला करंट गेला. मी थांबले नाही. उजेड खिडकीतून येत होता तेवढा पुरे होता. उलट फ्रिजची घरघर बंद झाल्यामुळे आवाज नेहमीपेक्षा स्वच्छ आला. आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवशी सगळं जमलं. दोन हरवलेली पानं, शेवटची दोन पानं, सगळं. एकही चूक नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आणि आजपर्यंतचं शेवटचं.

हात मांडीवर ठेवले. मागून टाळ्यांचा कडकडाट! मी वळले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य. मला वाटलं, कळलं यांना! आज कळलं!

राव सरांच्या मिसेस डोळे मोठे करून म्हणाल्या, "अय्यो! करंट जाने के बाद भी इतना देर चला! वसुधा मॅडम, इन्व्हर्टर कौनसी कंपनी का?"

*

पियानोला वर्षातून एकदा सुरात आणावं लागतं. इथला उन्हाळा त्याच्या लाकडाला सुकवतो, पावसाळा फुगवतो. त्यासाठी हैदराबादहून इस्माईलभाई येतात. साठीचा माणूस, हातात चामड्याची बॅग. सकाळच्या गाडीने येतात, चार-पाच तास एकेक तार ताणत बसतात, एकच पट्टी पन्नासदा वाजवतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. कान असा की गल्लीत सायकलची घंटी वाजली तरी म्हणतात, "थोडी उतरी हुई है."

दर वर्षी मी त्यांच्या येण्याची वाट बघते. कारण उघड आहे. जिल्ह्यात वर्षातून एक दिवस असा एक माणूस असतो की ज्याच्यापासून एक सूरही लपत नाही.

पण दर वर्षी गाडीची वेळ व्हायची. गेल्या खेपेला मी आधीच स्वयंपाक उरकला, त्यांना लवकर जेवायला वाढलं, ऑटोवाल्याला दारात उभा करून ठेवला. काम तासभर आधी संपलं. मी म्हटलं, "भाई, आज वक्त है. एक बार सुन लीजिए. कहाँ गलती होती है, बता दीजिए."

त्यांनी बॅगेचे बंद आवळले. संकोचून खाली बघत म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना. मैं सुर सुनता हूँ. चालीस साल हो गए, गाना मैंने कभी सुना नहीं."

आणि खरंच ऑटोत जाऊन बसले. गाडीला तासभर होता.

*

माझी धाकटी बहीण सुनंदा पुण्याला असते. तिच्या मुलाने मला मोबाइल स्टँडवर कसा लावायचा ते शिकवलं. मी पूर्ण पीस रेकॉर्ड केला. त्याला तीन रविवार लागले, कारण कधी भंगारवाला ओरडायचा, कधी माझाच हात घसरायचा. शेवटी एक बरासा जमला. एक चूक होती, पण आता राहू दे म्हटलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. जवळजवळ दहा मिनिटांचा व्हिडिओ.

चाळिसाव्या सेकंदाला सुनंदाचा मेसेज: "वा ताई! अप्रतिम!! पडदे नवीन का गं?"

मग काकूचे हात जोडलेले. मामेभावाचा अंगठा. एका वहिनीने विचारलं की मी बारीक झाले आहे का.

भाच्याने तोच व्हिडिओ नेटवर टाकला. मी विसरूनही गेले. पाच-सहा महिन्यांनी एक दिवस त्याच्याखाली कुणा अनोळखी माणसाची एक ओळ दिसली. नाव नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. लिहिलं होतं की सहा मिनिटं बेचाळीस सेकंदांवर डाव्या हाताचा सूर चुकीचा आहे.

मी पळत जाऊन नोटेशनचं पुस्तक काढलं. अगदी बरोबर! तीच चूक!

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे नेले. राव सर म्हणाले, "गुड न्यूज?" मी म्हटलं, "एका माणसाने माझी चूक काढली!" सगळ्यांचे हात पेढ्यापाशीच थांबले. भोयर तापले, "कोन हाय तो? तुमी कंप्लेंट टाका, मी दरखास्त लिहून देतो!" राव सर म्हणाले, "ब्लॉक चेय्यंडी मॅडम, ब्लॉक!"

आता यांना कसं सांगायचं? सहा मिनिटं बेचाळीस सेकंदांची चूक सापडायला माणसाला आधीची सहा मिनिटं एकेचाळीस सेकंद ऐकावी लागतात!

त्या संध्याकाळी मी त्याला उत्तर लिहिलं. पाच ओळी लिहिल्या, चार पुसल्या. शेवटी एवढंच पाठवलं: आपण तिथपर्यंत ऐकलंत, आभार. त्याच्या पुढचं कसं वाटलं?

उत्तर आलं नाही. अधूनमधून बघते.

*

उटनूरला मुलींच्या एका निवासी शाळेत विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. ज्वालामुखी, पाणी गाळायचं यंत्र, सगळं पाहून झालं. तिथल्या हेडमिस्ट्रेसना कुठून तरी माझ्या पियानोचं कळलेलं. म्हणाल्या, आमच्याकडे कीबोर्ड आहे, मुलींना ऐकवा.

कीबोर्ड बाकावर ठेवला. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, याला एकसष्ट. मला वाटलं, भागेल. समोर जमिनीवर दीड-दोनशे मुली, वेण्या घालून, मांडी घालून.

चौथ्या मिनिटाला डावा हात खालच्या सुरांकडे उतरत गेला आणि पुढे पट्ट्याच नव्हत्या! करंगळी बाकावर आपटली. टक्! मुली खो खो हसल्या. मीही हसले आणि त्या हसण्यात पुढचं सगळं पुसलं गेलं. एकदम कोरं. पुस्तक नेलेलं नव्हतं. हात मांडीवर घेऊन मी तशीच बसले. हॉल चिडीचूप झाला.

अशी शांतता मला ठाऊक आहे. मोठ्या माणसांच्या हॉलमध्ये अशा वेळी कुणीतरी दया येऊन टाळ्या सुरू करतं आणि मग तुम्हाला उठावंच लागतं.

इथे टाळी वाजली नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी, असेल सातवीतली, मोठ्याने म्हणाली, "मॅडम, पैल्यापासून म्हना! मंग आठवते!"

सगळ्या मुलींनी माना हलवल्या. त्यात हसण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. त्यांच्यातली प्रत्येक जण कधी ना कधी कवितेच्या मध्येच अशी उभी राहिलेली असणार!

मी पहिल्यापासून वाजवलं. पट्ट्या नव्हत्या तिथे करंगळी बाकावर आपटत राहिले. टक्, टक्. त्या हसल्या नाहीत. शेवटपर्यंत आले तर ती मुलगी शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "पाह्य, आठवलं ना!"

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. घरी जाऊन कुणाला सांगायचं ते ठरवता ठरवता आदिलाबाद आलं.

*

आता आईचा किस्सा. हा स्टाफरूममध्ये मी अर्धाच सांगते.

आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटची सहा वर्षं ती अंथरुणावर होती, आतल्या खोलीत. मी रोज चार ते सहा वाजवायचे, मधलं दार उघडं ठेवून. कुठे चुकले की आतून आवाज यायचा: "अंहं!"

बरोबर वाजलं तर काही नाही. कौतुक वगैरे आमच्या घरात पद्धतच नव्हती. पण चूक एक सुटायची नाही. मी विचारलं होतं, "आई, तुला कसं गं कळतं?" ती म्हणाली, "रोजच्यासारखं नाही वाटलं की कळतं."

एकदा काय झालं, पुस्तक चाळता चाळता माझ्या लक्षात आलं की तिसऱ्या पानावरचा एक सूर मी सुरुवातीपासूनच चुकीचा वाचला आहे. वीस-बावीस वर्षं चुकीचा वाजवते आहे! मी आठवडाभर घासून तो दुरुस्त केला आणि पहिल्यांदा बरोबर वाजवला.

आतून: "अंहं!"

मी ओरडून म्हटलं, "आई, हाच बरोबर आहे! पुस्तकात बघितलं मी!"

आई म्हणाली, "पुस्तक चुकलं असेल."

इथे स्टाफरूम हसते आणि मी डबा बंद करते.

राहिलेलं असं. आई गेली. चौदाव्या दिवशी सुनंदा पुण्याला गेली, पाहुणे पांगले, भांडी ज्याची त्याला परत गेली. चार वाजले. मी मधलं दार उघडं ठेवून बसले. तिसऱ्या पानावर आले आणि मुद्दाम जुना, चुकीचा सूर वाजवला.

काही नाही.

मग मागे गेले आणि पुस्तकातला वाजवला.

काही नाही.

आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले. गादी गुंडाळून ठेवलेली. परत येऊन बसले. पुढचं वाजवलं नाही त्या दिवशी. आता तिथे पोचल्यावर दोहोंपैकी कुठला सूर लागेल ते माझं मलाही ठाऊक नसतं. दोन्ही चालतात. हरकत घ्यायला कुणी नाही.

*

गेल्या मे महिन्यातलं सांगते आणि थांबते.

रविवारची सकाळ, दहाचा सुमार. दारावर टकटक. दारात एक बाई, सत्तरीच्या पुढच्या. केस आखूड कापलेले, साधा फुलाफुलांचा झगा, मनगटाला अडकवलेली काळी पर्स. ऊन चढलेलं होतं आणि त्या चालत आल्या होत्या.

"मी लिलियन," त्या म्हणाल्या. "गोव्याची. मुलगा इकडे फॉरेस्टमध्ये बदलून आला. मागच्या रस्त्याला आमचं क्वार्टर. तुमचं रोज ऐकते खिडकीतून. आज आत बसून ऐकलं तर चालेल?"

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पेला घेताना त्यांची बोटं दिसली. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला वळलेली. मी बघते आहे हे त्यांनी पाहिलं.

"आता कपाचा कानसुद्धा धरवत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी वाजवत होते. हेच."

"हेच?"

"हेच. चला, वाजवा."

माझे हात मे महिन्यात गार पडले. पंचवीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माणूस माझ्या पुढच्या खोलीत, पर्स मांडीवर घेऊन बसलं होतं आणि मला वाटत होतं, ते उठून जावं.

मी वाजवलं. कधी नाही इतकं वाईट वाजवलं! साध्यासाध्या जागी बोटं आपटली. शेवटची दोन पानं तर कशीबशी पार करून धपकन थांबले. टाळी नाही, काही नाही. वळून बघायचं धाडस होईना.

मीच म्हटलं, "अकरा झाल्या."

"काय अकरा?"

"चुका."

"असतील. मी काही मोजत नव्हते."

त्या उठून पियानोपाशी आल्या. वाकड्या बोटाने पुस्तकाची पानं उलटली, शेवटच्या दोन पानांवर आल्या आणि कागदावर बोट टेकलं. "इथून तुम्ही पळता. रोज पळता. का?"

"फार कठीण आहे ते."

"कठीण असलं तर माणूस हळू जातो. तुम्ही पळता." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आवाज अजिबात कडक नव्हता. "ऐकणारा मध्येच उठून जाईल असं वाटतं तुम्हाला?"

मी पट्ट्यांकडे बघत बसले. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू झाली, निघून गेली.

लिलियनबाई खुर्चीवर जाऊन बसल्या. मांडीवरची पर्स काढून त्यांनी खाली फरशीवर ठेवली.

"परत वाजवा," त्या म्हणाल्या. "आणि तो पंखा बंद करा. त्याचा आवाज येतो."

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन असेल. मी उठून पंखा बंद केला.